पावसाळ्यात गाडीच्या पायाशी पुन्हा पुन्हा पाणी साचतंय? वाळवण्याआधी वाट शोधा

पाऊस सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की हा प्रश्न हमखास कानावर येतो. सकाळी गाडीचं दार उघडलं की कुबट वास, काचा आतून धुरकट, आणि क्लीनर साइडच्या, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढच्या, मॅटखाली हात घातला तर कार्पेट ओलंचिंब. मग मॅट वाळत घातली जाते, वर्तमानपत्रं अंथरली जातात, कुणी इंटिरियर क्लीनिंग करून घेतं. आठवडाभर बरं चालतं. एक मोठी सर येते आणि पुन्हा तेच.

पुन्हा तेच होतं, कारण कार्पेट वाळवलं पण पाणी यायची वाट तशीच राहिली. ही वाट शोधणं अवघड नाही. स्क्रू ड्रायव्हर आणि पाना धरता येणाऱ्या कुणालाही ते घरच्या घरी जमतं आणि बहुतेक वेळा खर्चही नगण्य असतो. फक्त घाई करायची नाही.

एक गोष्ट आधी नीट समजून घेऊ. पाणी अजिबात आत शिरणार नाही अशी गाडीची बॉडी बनवलेलीच नसते. समोरच्या काचेवरून ओघळणारं पाणी वायपरखालच्या जाळीतून आत उतरतं. दाराच्या काचेला लागून ते दाराच्या पोटात जातं. सनरूफच्या कडेनं झिरपतं. एसी तर स्वतःच पाणी तयार करतो. या प्रत्येक पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवलेली असते. म्हणून पायाशी पाणी दिसलं की 'भोक कुठे पडलंय' हा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न 'तुंबलंय कुठे' हा.

याच कारणासाठी सिलिकॉनची नळी घेऊन सुरुवात करू नका. अनेक गॅरेजांत पाणी गळतं म्हटलं की कडेकडेनं सिलिकॉन मारून मोकळे होतात. त्यानं दोन नुकसानं होतात. पाणी बाहेर जायचं भोकच बुजलं तर ते पत्र्यात अडकून बसतं आणि आतून गंज धरतो. शिवाय बाथरूमच्या टाइल्सना वापरतात ते व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला ते बाधतं. सीलंट लागलंच तर ते सगळ्यात शेवटी, जागा नक्की झाल्यावर.

पाणी केव्हा येतं ते आधी पाहा

हत्यारांना हात लावण्याआधी दोन-चार दिवस नुसतं लक्ष ठेवा. निम्मं निदान इथेच होतं.

पाऊस नाही, गाडी धुतलेली नाही, पण एसी लावून लांब जाऊन आलं की क्लीनर साइडला ओल येते? मग एसीच्या पाण्याचा पाइप तुंबलेला आहे किंवा सुटलेला आहे.

गाडी उभीच होती, रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी पाणी दिसलं? मग वायपरखालची पन्हळ, दार, सनरूफ किंवा समोरची काच, यांपैकी काहीतरी. गाडी तोंडाकडून उतारावर उभी असेल तरच पाणी येतं, सपाटीवर येत नाही, असंही होतं. त्या बारकाव्यावरून बाजू कळते.

उभ्या गाडीत कितीही पाऊस झाला तरी काही नाही, पण पावसात हायवेवरून आलं किंवा डबक्यातून गाडी घातली की ओलं होतं? मग पाणी चाकांच्या उडण्यानं खालून येतंय. जमिनीच्या पत्र्याचे बूच किंवा वायरिंगची रबरं पाहायची.

आणि ऋतू कुठलाही असो, ओल चिकट आहे, तिला गोडसर वास आहे? मग ते पावसाचं पाणी नाहीच. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

गाडी रस्त्यावरच्या पुराच्या पाण्यात सीटपर्यंत बुडाली असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. इंजिन सुरू करून पाहू नका, बॅटरी तोडा, गाडी टो करून न्या आणि विमा कंपनीला कळवा.

कार्पेट उचलल्याशिवाय काही कळत नाही

गाडीच्या कार्पेटखाली जाड फेल्ट किंवा फोमचा थर असतो. वरून कार्पेट नुसतं दमट लागलं तरी खालचा थर पाण्यानं जड झालेला असू शकतो. त्याच्याखाली पत्र्यावर पाणी सरकत राहतं. घाट चढताना पुढचं पाणी मागे जातं, म्हणून मागच्या सीटच्या पायाशी ओल दिसली तरी गळती मागेच असेल असं नाही.

दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी क्लिपांवर बसवलेली असते. ती एका टोकाकडून हळूहळू वर ओढली की निघते. दाराचं बीडिंग, म्हणजे चौकटीभोवतीची रबरी पट्टी, तेवढ्या भागापुरतं खाली ओढा, मग कार्पेटची कड मोकळी होते. आत हात घालून वरवर, डॅशबोर्डच्या दिशेनं चाचपत जा. ओलीचं सगळ्यात वरचं टोक जिथे सापडेल, तिथून पाणी आत येतंय. खाली साचलेल्या डबक्यावरून काहीच ठरवू नका.

सीटखाली आणि कार्पेटखाली वायरिंग असतं, हे विसरू नका. पिवळे कनेक्टर किंवा पिवळं वेष्टन असलेल्या वायरी एअरबॅगच्या, त्या काढायच्या नाहीत. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली तर तिच्या आसपास काहीच करायचं नाही. पाणी कनेक्टरपर्यंत पोचलेलं दिसलं तर इग्निशन बंद करून बॅटरीची मायनस केबल काढून ठेवा आणि मगच पुढे जा.

एसीचं पाणी

कोकणात, मुंबईत, गोव्यात सगळ्यात आधी तपासायची जागा ही. डॅशबोर्डमागे एसीची कूलिंग कॉइल असते. दमट हवा तिच्यावरून जाताना गार होते आणि हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन जमते. हे पाणी थोडंथोडकं नसतं. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तीच हवा १० अंशांपर्यंत गार केली की तिच्यात साडेनऊ ग्रॅमच्या आतच मावतं. उरलेलं कॉइलवरून खाली ठिबकतं. ब्लोअर जोरात असेल तर तासाभरात लिटरभर पाणी सहज निघतं. ते एका बोटभर जाडीच्या पाइपातून गाडीखाली जातं. तो तुंबला की कॉइलच्या पेटीत पाणी भरतं आणि पेटीच्या सांध्यांतून कार्पेटवर उतरतं.

ओळखायचं असं. दमट हवेत गाडी उघड्यावर उभी करा (बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धूर जिवावर बेततो), एसी पूर्ण गार, ब्लोअर मध्यम, काचा बंद. पंधरा-वीस मिनिटांनी खाली वाकून पाहा. पुढच्या भागात, साधारण मध्यापासून क्लीनर साइडकडे, पाणी थेंबथेंब पडत असायला हवं. जमीन कोरडी असेल तर पाइप बंद आहे. वळणावर डॅशबोर्डमागून पाण्याचा खळखळाट ऐकू येत असेल, ब्रेक मारल्यावर पायावर गार थेंब पडत असतील, तर शंकाच नको. डिसेंबरच्या कोरड्या हवेत मात्र थेंब कमी पडणं स्वाभाविक आहे, तेव्हा ही चाचणी फसवते.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून रबराचा छोटा, खाली वळलेला पाइप बाहेर आलेला असतो. काही गाड्यांत तो बॉनेट उघडून फटीतून दिसतो, काहींत खालूनच. सायलेन्सरचा पाइप बऱ्याचदा त्याच्या जवळूनच जातो, म्हणून गार होण्याची वाट पाहायला सांगितलं. खालून पोचायचं असेल तर नुसत्या जॅकवर गाडी उचलून आत शिरू नका. पक्के स्टँड लावा, नाहीतर गॅरेजच्या रॅम्पवर हे काम करून घ्या.

रबराचं टोक दोन बोटांत धरून चोळा. कित्येकदा एवढंच पुरतं. टोकाला वाळलेला चिखल असतो, किंवा रबराचे ओठ एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटले की आधी काळपट गाळ येतो आणि मागोमाग पाण्याची धार. तोंड पाइपाखाली ठेवू नका, डोळ्यांवर चष्मा असू द्या.

नुसतं चोळून भागलं नाही तर नायलॉनचा लांब केबल टाय घ्या आणि तो फिरवत फिरवत आठ-दहा सेंटिमीटर आत घाला, त्याहून जास्त नको. छत्रीची काडी, सायकलचा स्पोक, जाड तार हे काहीही वापरू नका. आत कॉइलचे ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे असतात. त्यांना भोक पडलं तर गॅस गेला आणि पूर्ण डॅशबोर्ड उतरवायचं काम मागे लागलं. पाणी ओढणारा व्हॅक्युम क्लीनर घरी असेल तर त्याची नळी पाइपाच्या टोकाला कापड गुंडाळून लावा आणि मिनिटभर ओढा. माझ्या मते हा सगळ्यात सुरक्षित उपाय. पंक्चरवाल्याकडून उलटी हवा मारून घेणं टाळा. गाळ कॉइलच्या पेटीत वर जातो, आणि दाबानं पाइप पेटीपासून सुटला तर पाणी कायमचं आत पडायला लागतं. सुटलेल्या पाइपाचं लक्षण म्हणजे बाहेरचं टोक साफ असूनही थेंब आतच पडतात. बाहेरून हात पोचत नसेल तर हे काम एसीच्या जाणकाराकडे द्यावं.

पाइप साफ केला आणि दोन महिन्यांत पुन्हा तुंबला, असं होत असेल तर ग्लव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून पाहा. फिल्टर फाटलेला, उलटा बसवलेला, किंवा कुणीतरी काढूनच टाकलेला असतो. मग रस्त्यावरची धूळ थेट ओल्या कॉइलवर बसते, तिचा चिखल होतो आणि खाली पाइपात उतरतो. साधारण १० ते १५ हजार किलोमीटरला फिल्टर बदलावा, कच्च्या रस्त्यांवर गाडी फिरत असेल तर त्याच्याही आधी. बदलताना त्याच्यावरचा हवेच्या दिशेचा बाण पाहूनच बसवा.

फिल्टर बाहेर काढलाच आहे तर तो ओला आहे का, तेही पाहून घ्या. पावसानंतर फिल्टर ओला असेल, त्याच्यावर पाण्याचे डाग असतील, तर पाणी हवा आत घेण्याच्या वाटेनं येतंय. म्हणजे एसीचा पाइप निर्दोष, खरी जागा वायपरखालची पन्हळ, तिच्याकडे आता वळू.

वायपरखालची पन्हळ

समोरची काच जिथे संपते तिथे वायपरच्या मुळाशी प्लास्टिकची जाळी असते. मेकॅनिक तिला काउल म्हणतात. जाळीखाली पत्र्याची आडवी पन्हळ असते. काचेवरचं सगळं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे, मडगार्डच्या आतून खाली जातं. ब्लोअर बाहेरची हवा घेतो ती याच पन्हळीतून. हवेचं तोंड थोडं उंचावर असतं, म्हणून एरवी पाणी तिथपर्यंत पोचत नाही. भोकं तुंबली की पन्हळीत पाणी चढतं, त्या तोंडातून ब्लोअरमध्ये पडतं आणि तिथून तुमच्या कार्पेटवर. पाण्यानं ब्लोअरची मोटर कुरकुरायला लागते, काही वेळा जळतेही.

झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास ठरलेला. मोठी पानं जाळीवर अडतात, ती आपण उचलून टाकतो. खरा घोळ बारीक पानांचा. गुलमोहर, चिंच, बाभूळ यांची पानं बारीक असतात, जाळीतून सरळ आत पडतात. त्यात गुलमोहर फुलतो मे-जूनमध्ये, म्हणजे पावसाच्या तोंडावर पाकळ्यांचा थर आत बसलेला असतो. धुळीबरोबर भिजून त्याचा काळा, चिवट लगदा होतो. वर्षानुवर्षं न उघडलेल्या पन्हळीत त्या लगद्यात पिंपळाचं रोप मूळ धरून उभं राहिलेलं मी पाहिलं आहे, मूळ सरळ ड्रेनच्या भोकात उतरलेलं.

तपासणी सोपी आहे. लिटरभर पाण्याची बाटली घ्या आणि जाळीच्या डाव्या टोकाला हळूहळू ओता. काही सेकंदांत डाव्या चाकामागे जमिनीवर पाणी पडलं पाहिजे. मग उजव्या टोकाला तसंच. तुंबलेल्या बाजूला पाणी जाळीखाली चमकत वर येताना दिसतं आणि खाली जमिनीवर नुसते चुकार थेंब पडतात. तसं दिसलं की ओतणं लगेच थांबवा, नाहीतर तेच पाणी ब्लोअरमध्ये जाईल.

साफ करायला पुष्कळ गाड्यांत बॉनेट उघडून दोन्ही कोपऱ्यांतून हात घातला तरी भागतं. हात पोचत नसेल तर जाळी काढावी लागते आणि त्यासाठी वायपरचे दांडे. काढण्याआधी काचेवर मास्किंग टेपचा तुकडा लावून पात्याची जागा आखून ठेवा, म्हणजे परत बसवताना वायपर तिरके लागत नाहीत. दांड्याच्या मुळाशी टोपण असतं, त्याखाली नट. गाडीनुसार १३, १४ किंवा १६ चा पाना लागतो. नट काढल्यावर दांडा दातांवर घट्ट बसलेला असतो. तो डावी-उजवीकडे हलवत हलवत सोडवा. काचेवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून वर उचकटू नका. आधी काचेवर जाड टॉवेल टाका, कारण स्प्रिंगवरचा दांडा निसटून काचेवर आपटला तर तडा जातो.

आतला कचरा आधी कोरडाच हातानं काढा. पाण्याची जोरदार नळी सुरुवातीलाच मारली तर सगळा लगदा भोकात जाऊन बसतो. भोकाच्या खाली काही गाड्यांत रबराची चपटी चोच असते, ती बोटांनी दाबून उघडा आणि आतला गाळ पिळून काढा. ती कापून टाका असा सल्ला बरेच जण देतात. मी कापणार नाही. इंजिनकडची गरम हवा आणि चिखल वर हवेच्या तोंडाशी येऊ नये म्हणून ती ठेवलेली असते, आणि वर्षातून दोनदा पिळली तर ती तुंबतही नाही. शेवटी बाटलीची चाचणी पुन्हा करा, मगच जाळी बसवा.

मृग लागायच्या आधी एकदा आणि श्रावणात एकदा एवढं केलं तरी निम्म्या गाड्यांचा हा त्रास संपेल, इतकी ही जागा महत्त्वाची आहे. आणि तरी ठरावीक सर्व्हिसिंगमध्ये ती क्वचितच कुणी उघडतं.

दारं

दार उघड-बंद करताना आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज आला तर दाराच्या खालच्या कडेची भोकं बंद आहेत. दार उघडून खाली वाका, कडेला दोन-तीन लांबट भोकं किंवा फटी दिसतील. प्लास्टिकचा केबल टाय किंवा बांबूची काडी आत फिरवा. तांबूस पाणी आलं तर गंज सुरू झालाय, म्हणजे वेळेवर हात लागला. नवी गाडी घेताना खालून अँटी-रस्ट कोटिंग मारून घेतात, तेव्हा ही भोकं त्या काळ्या थराखाली जातात. कोटिंग करून आणलं की त्याच दिवशी एकेक भोक पाहून घ्या.

भोकं मोकळी असूनही उंबऱ्यावर पाणी येत असेल तर दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या पडद्याचा संशय घ्या. दाराचं आतलं पॅनेल आणि पत्रा यांच्यामध्ये हा पडदा काळ्या चिकट पट्टीनं चिकटवलेला असतो. काचेवरून उतरणारं पाणी या पडद्यावर आपटतं आणि दाराच्या पोटातच राहतं. पडद्याची खालची कड पत्र्याच्या फटीतून आत खोचलेली असते, ती बाहेर राहिली तरी पाणी सरळ उंबऱ्यावर येतं. आमच्या सोसायटीत एका शेजाऱ्यांनी दिवाळीच्या सुमारास नवे स्पीकर बसवून घेतले होते. जूनमध्ये पुढच्या दोन्ही दारांखाली पाणी. पॅनेल उघडलं तर स्पीकरसाठी पडदा ब्लेडनं कापून तसाच लोंबत सोडलेला. पॉवर विंडोचं काम, सेंट्रल लॉकचं काम, स्पीकर, यांपैकी काही झालं असेल तर पहिला संशय या पडद्यावर.

दुरुस्तीला बुटाइलची, म्हणजे चिकट रबराची, काळी पट्टी घ्या. जुनी जागा पुसून कोरडी करा, पडदा कडेनं दाबत या, फाटलं असेल तिथे जाड प्लास्टिकचा तुकडा आणि त्याला चहूबाजूंनी बुटाइल. सेलोटेप किंवा फेविकॉल या जागी पावसाळाभर टिकत नाही.

बाकीच्या जागा

सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांतून खाली उतरतात. छताचं कापड, आतला दिवा किंवा समोरच्या खांबाचं कव्हर ओलं दिसलं तर त्या तुंबल्यात. सनरूफ उघडून कोपऱ्यात अर्धा कप पाणी ओता आणि खाली बाहेर येतंय का पाहा. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हलक्या हातानं आत घालून नळी मोकळी होते. इथेही दाबाची हवा नको, छताच्या आत नळी सुटली तर पूर्ण छत उतरवावं लागतं.

समोरची काच बदललेली असेल आणि खांबाच्या कडेनं पाणी येत असेल तर चिकटवण्यात खोट आहे. हे घरचं काम नव्हे, ज्यांनी काच बसवली त्यांच्याकडेच परत जा.

बाहेरून मोठा हॉर्न, फॉग लॅम्प, ॲम्प्लिफायर बसवलाय का? त्याची वायर केबिनमध्ये आणताना मूळ वायरिंगच्या रबराला भोक पाडलेलं असतं. डॅशबोर्डखाली आडवं होऊन टॉर्चनं पाहा. ओघळाची रेघ वायरीवरूनच खाली आलेली दिसते. वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडतं, आणि भोक बुटाइलनं बंद करा. जमिनीच्या पत्र्यात रबरी बूच असतात, त्यातलं एखादं निघालेलं असेल तर डबक्यातलं पाणी थेट आत येतं. त्याच मापाचं बूच स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं.

डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर मागच्या दिव्यांची गॅस्केट, डिकीचं बीडिंग आणि छतावरच्या कॅरियरचे बोल्ट पाहा. टेल लॅम्पचे नट सोडून गॅस्केट चपटी झाली असेल तर बदला. मागून ठोकर लागून डेंटिंग-पेंटिंग झालेलं असेल तर आधी तिथेच पाहायचं.

गोडसर वास असेल तर

बोट ओलीत बुडवून चोळा. पाणी बोटांवर चटकन सुकतं. हिरवट, गुलाबी किंवा निळसर रंग, बुळबुळीत स्पर्श आणि गोडसर वास असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव आहे. डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर किंवा त्याचा पाइप गळतोय. हीटर लावल्यावर काचेवर तेलकट धूसर थर येतो, आणि कूलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरते. कूलंट कमी होत गेलं तर इंजिन तापून निकामी होतं. त्यातलं ग्लायकॉल पोटात गेलं तर विषारी, आणि चव गोड असल्यानं लहान मुलं आणि कुत्री-मांजरं ते चाटू शकतात. टाकी नुसती वरून भरत राहू नका, गाडी गॅरेजला द्या.

तरीही जागा सापडत नसेल तर

गाडी आतून कोरडी करा, कार्पेट उचललेलं ठेवा. संशयाच्या सगळ्या जागी, म्हणजे डॅशबोर्डखालच्या पत्र्यावर, उंबऱ्यावर, खांबांच्या मुळाशी, टिश्यू पेपरच्या पट्ट्या ठेवा. घरातलं कुणीतरी टॉर्च घेऊन आत बसेल. तुम्ही बाहेरून बागेची नळी घ्या, धार मंद ठेवा आणि खालून वर जा. आधी चाकाच्या मागची जागा आणि उंबरा, मग दाराची खालची कड, मग काचेची रेघ, मग वायपरची जाळी, शेवटी छत. प्रत्येक जागी निदान पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. पहिली पट्टी भिजली की थांबा, त्या वेळी नळी जिथे होती ती जागा. प्रेशर वॉशर वापरू नका, तो धड रबरातूनही पाणी आत ढकलतो आणि भलतीच जागा दाखवतो.

एक जागा सापडली म्हणून चाचणी अर्धवट सोडू नका. एसीचा पाइप आणि पन्हळ दोन्ही एकाच वेळी तुंबलेली असणं अगदी नेहमीचं आहे, दोन्हींत कचरा एकाच धुळीचा असतो.

वाळवणं आणि परत बसवणं

जुलैच्या हवेत काचा किंचित उघड्या ठेवून कार्पेट वाळत नाही, उलट आणखी ओल धरतं. आधी जुने टॉवेल दाबून दाबून पाणी टिपा, मग पाणी ओढणाऱ्या व्हॅक्युमनं फेल्टमधून ओढा. कार्पेटची कड लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून खाली टेबल फॅनची हवा सोडा, छपराखाली गाडी असेल तर रात्रभर. गाडी बाहेर काढाल तेव्हा एसी चालू, तापमान गरम बाजूला, हवा पायांकडे आणि बाहेरची हवा बंद ठेवा. एसी हवेतली ओल काढतो आणि हीटर ती हवा तापवून पुन्हा कार्पेटवर सोडतो, दोन्ही एकत्र चालवल्यानं फरक पडतो. बुरशी आली असेल तर मास्क लावूनच कार्पेट हाताळा.

पत्रा उघडा आहे तोवर त्याच्याकडे पाहा. रंगाला फोड आले असतील तर तेवढी जागा तारेच्या ब्रशनं घासा, गंजावरचं रसायन लावा, सुकल्यावर प्रायमर आणि रंग. ओला असताना रंग मारला तर त्याच्याखाली गंज वाढत राहतो. जवळच्या कनेक्टरांवर हिरवट पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून सुकू द्या, मग बॅटरी जोडा.

फेल्ट दाबून हात कोरडा निघाला तरी उंबऱ्याची पट्टी लगेच ठोकून बसवू नका. कार्पेट नुसतं जागेवर टाका, खाली टिश्यूच्या पट्ट्या राहू द्या, आणि एक चांगला दणदणीत पाऊस आणि एसी लावून एक लांब फेरी, दोन्ही होऊ द्या. पट्ट्या कोरड्या निघाल्या तर बीडिंग वर दाबा, क्लिपा बसवा आणि मॅट टाका.